डहाणूच्या माणसानं बुडी कुठे शिकावी?

दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला गेलो आणि स्कुबा करून आलो, असं सांगणारी माणसं आता डहाणूच्या पारनाक्यावरही भेटतात आणि घोलवडच्या चिकूवाड्यांतही. फोनवरचे फोटो फिरतात. निळंशार पाणी, प्रवाळांचे झुपके, काचेमागचे विस्फारलेले डोळे. फोटो पाहून झाले की घरातलं एखादं मूल विचारतं, समुद्र तर आपल्याकडेही आहे, मग आपल्याकडे हे का नाही? मोठी माणसं ‘आपलं पाणी गढूळ आहे ना’ म्हणून विषय संपवतात. उत्तर खरं आहे, पण अर्धंच आहे. राहिलेलं अर्धं समजून घेतलं तर बुडी मारणं म्हणजे काय हेही कळतं आणि आपला समुद्र काय आहे हेही.

डहाणूच्या उत्तरेला खंबातचं आखात आहे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती आपापला गाळ तिथे आणून ओततात. आखात आत जावं तसं निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी शिरताना चढत जातं. भावनगरच्या बाजूला दिसणारी भरती जगातल्या मोठ्या भरत्यांत मोजली जाते. या सगळ्या उलथापालथीच्या दाराशी आपली गावं आहेत. उधाणाच्या दिवसांत डहाणूच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि हे पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. गाळाला तळाशी बसायला उसंतच मिळत नाही. बोर्डी-चिखल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र नजरेच्या टोकाला जातो आणि भरतीला सुरूच्या झाडांपर्यंत येतो, तो या हालचालीचा वरचा, दिसणारा भाग. खाली हात लांब केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत, आणि प्रवाह इतका ओढतो की शिकाऊ माणसाला एका जागी थांबता येत नाही. स्कुबा शिकवण्यासाठी हे पाणी योग्य नाही, हे आधी स्वच्छ सांगायला हवं.

पण याच ओढीवर इथली घरं चालतात. डोल जाळं कसं काम करतं ते पाहा. पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात रोवलेल्या खांबांना किंवा नांगरांना बांधलेलं. ते माशाच्या मागे धावत नाही. प्रवाह बोंबील, करंदी, जवळा वाहून आणतो आणि जाळ्यात सोडतो. पाणी वळायच्या आत जाळं उचलायचं. उधाण कधी, भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस कधी, पाणी किती वेळ उभं राहील, हे धाकटी डहाणू, वरोर, चिंचणी, झाईच्या माणसांना तिथीवरून तोंडपाठ असतं. पुढे मालवणला बुडी शिकताना मला पहिल्याच दिवशी हीच गोष्ट शिकवली गेली: पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ, पाणी उभं असताना उतर. तिथे ते पुस्तकात छापलेलं होतं. आमच्याकडे ते कालनिर्णय बघून बोटीवर ठरतं.

मग शिकायचं कुठे? हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाणी अतिशय स्वच्छ आहे. लक्षद्वीपचंही तसंच. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ आणि कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी बुड्या मारल्या जातात. पण डहाणूच्या माणसाला माझं सांगणं आहे की पहिली बुडी मालवण-तारकर्लीतच मारावी. कारण तो आपलाच किनारा आहे, आणि तिथलं पाणी अंदमानइतकं काचेसारखं नसतं. कधी चार मीटर दिसतं, कधी आठ. अशा पाण्यात शिकलेला माणूस पुढे कुठेही सांभाळून घेतो.

मालवणचा समुद्र नुसता पर्यटनाचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं, त्या किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आजूबाजूचं पाणी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्गात जो सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यात गावातल्या तरुणांना बुडीचं आणि मार्गदर्शकाचं शिक्षण मिळालं. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड अ‍ॅक्वाटिक स्पोर्ट्स’ उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. पाण्याखाली काय आहे ते आधी शास्त्रज्ञानं पाहायचं, मग ते गावातल्या पोरांना दाखवायचं आणि मग त्या पोरांनी पाहुण्यांना दाखवायचं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

इथे एक फरक लक्षात घ्या. किनाऱ्यावर एक-दोन हजारांत जी ‘स्कुबा’ मिळते ती शिकवणी नसते. मार्गदर्शक तुम्हाला धरून पाच-सहा मीटरवर नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. तुमचं काम फक्त श्वास घेणं. एकदा चव घ्यायला ते ठीक आहे. पण काही ठिकाणी फोटोसाठी माशांना खाऊ टाकून जमवतात, ते थांबलं पाहिजे. खरं शिक्षण तीन-चार दिवसांचं असतं. थोडा अभ्यास, तलावात सराव, मग समुद्रात चार बुड्या. शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याचा परवाना मिळतो, जो जगात सगळीकडे चालतो. खर्च तीस हजारांच्या आसपास जातो. वय किमान दहा वर्षं. सुरुवातीला २०० मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं तरंगून दाखवायचं. दमा, हृदयविकार, कानाचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरवत नाहीत, आणि उतरवू नयेच.

सामानावर फार शब्द खर्च करत नाही. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो अशी सर्रास समजूत आहे. तिथे असते साधी हवा, तुम्ही-आम्ही घेतो तीच, फक्त दाबून भरलेली. बारा लिटरच्या टाकीत २०० बारच्या दाबानं साधारण २४०० लिटर हवा मावते. ती तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमधून येते, आणि रेग्युलेटरची खुबी अशी की तुम्ही ज्या खोलीवर असाल तिथल्या दाबाचीच हवा तो देतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र जमवलं. त्याआधीचा पाणबुड्या बहुतेक वेळा वरून येणाऱ्या नळीला बांधलेला असे.

आता खरी गोष्ट, दाबाची. समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. हवा दाबली जाते, त्यामुळे वर घेतलेला लिटरभर श्वास दहा मीटरवर अर्धा लिटर होतो. याचा पहिला फटका कानाला बसतो. पडद्यामागची हवा आकसते, पडदा आत ओढला जातो, आणि दोन-तीन मीटरवरच कळ येते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे घशाकडून कानात जाणारी नळी उघडते आणि आतबाहेरचा दाब जुळतो. दुखायच्या आधी फुंकायचं, दर अर्ध्या मीटरला फुंकायचं, जुळलं नाही तर थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. सर्दी असेल त्या दिवशी किनाऱ्यावर बसायचं. पहिल्या दहा मीटरमध्येच हवेचं आकारमान अर्धं होतं, त्यामुळे सगळ्यात जास्त काळजी सगळ्यात उथळ पाण्यात घ्यावी लागते. खोल गेल्यावर धोका, ही आपली समजूत इथे उलटी पडते.

दुसरा नियम याहून कडक आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. आमच्याकडच्या पोहणाऱ्या मुलांना हे सर्वांत अवघड जाईल असं मला वाटतं. खाडीत, नदीत, वरोळीच्या डोहात उड्या मारून वाढलेलं मूल पाण्यात गेलं की आपोआप श्वास धरतं. ते त्याच्यासाठी बरोबरही असतं, कारण त्यानं वरच्या हवेचा श्वास घेतलेला असतो. खाली तो दबतो, वर येताना पुन्हा मूळचा होतो. पण टाकीतून दहा मीटरवर भरलेला श्वास छातीत कोंडून वर आलात तर तो दुप्पट फुगतो, आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पाण्याखाली श्वास चालूच ठेवायचा, संथ, लांब, आणि वर येताना सोडत यायचं. उत्तम पोहणाऱ्याला इथे जुनी सवय मोडावी लागते. न पोहणाऱ्याला ती मुळातच नसते, म्हणून कधी कधी तो आधी शिकतो.

हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब सोपा आहे. शांत माणूस वर मिनिटाला साधारण वीस लिटर हवा घेतो. दहा मीटरवर दुप्पट दाबाची, म्हणजे चाळीस लिटर. वर येण्यासाठी पाव टाकी राखून ठेवायची, म्हणजे १८०० लिटर हाताशी. पाऊण तास. वीस मीटरवर तीच हवा अर्ध्या तासात संपते. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट वेगानं टाकी रिकामी करतो. त्यामुळे चांगला शिक्षक आधी तुमची भीती घालवतो, तंत्र मागाहून देतो.

या सगळ्याच्या वर एक कौशल्य आहे, ज्यासाठी मी म्हणेन की हे शिक्षण घ्यावंच. पाण्यात ना वर ना खाली, अधांतरी थांबणं. डहाणू-पालघरच्या माणसाला ते समजायला घोळ मासा पुरे. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यातली हवा कमी-जास्त करून तो मासा हव्या त्या खोलीवर स्थिर राहतो, आणि त्याच पिशवीच्या स्नायूंनी आवाजही करतो. या पिशवीला परदेशी बाजारात इतकी किंमत आहे की ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला दीडशेवर घोळ लागले, तेव्हा त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये झाले. पाणबुड्याच्या अंगातलं जाकीट हीच पिशवी आहे. बटण दाबलं की टाकीतली थोडी हवा जाकिटात येते, दुसरं दाबलं की बाहेर जाते. पण खरी बारीक जुळवाजुळव फुप्फुसानं होते. श्वास भरला की अंग किंचित वर उचलतं, सोडला की किंचित खाली बसतं. हे जमायला लागलं की हातपाय मारणं आपोआप थांबतं. न जमलेला माणूस तळाशी धडपडतो, पायांनी गाळ उडवतो, सावकाश वाढणाऱ्या प्रवाळाची फांदी मोडतो. स्थिर राहणाऱ्याजवळून मासे आपल्या कामाला जातात.

डहाणूत हे कौशल्य हरवलेले जीव पाहायला मिळतात. पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं आपल्या किनाऱ्याला लागतात, जाळ्यात गुरफटलेली, वल्ह्यासारखा पाय कापला गेलेली. वनविभाग आणि इथली वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन मिळून पारनाक्याच्या केंद्रात त्यांच्यावर उपचार करतात. आजारी कासवाच्या अंगात कधी कधी नको तिथे हवा साठते आणि ते बुडी मारू शकत नाही, एका कुशीवर तरंगत राहतं. जो जीव तळाशी जाऊन खातो, त्याला तरंगत राहणं म्हणजे उपासमार. अंगाचा तोल परत येईपर्यंत त्याला समुद्रात सोडता येत नाही. स्कुबाची तयारी करणाऱ्या मुलांना शाळांनी आधी हे केंद्र दाखवावं.

वर येण्याचेही नियम आहेत. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलं तर अंगातच बुडबुडे होतात, सांधे दुखतात, अर्धांगासारखी लक्षणंही दिसू शकतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगानं वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. लागोपाठ बुड्या मारल्या असतील तर पुढचे अठरा तास विमानात बसायचं नाही. अंदमानला जाणाऱ्यांनी शेवटची बुडी परतीच्या आदल्या दिवशी सकाळीच उरकावी. मालवणहून कोल्हापूरकडे निघणाऱ्यांनीही बुडी मारून लगेच आंबोली किंवा फोंडा घाट चढू नये, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. डहाणूकरांचा परतीचा रस्ता कोकण रेल्वेनं, किनाऱ्या-किनाऱ्यानंच येतो, तेवढी सोय आहे.

सुरक्षेबद्दल एक तारीख विसरू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती. जीव गेला तो बोटीत, किनाऱ्याजवळ. म्हणून शिकायला जाल तिथे टाक्या आणि सूट पाहण्याआधी बोट पाहा. किती माणसं बसवतात, जीवरक्षक जाकिटं अंगात घालतात की बाकाखाली ठेवतात, मे महिन्याच्या शेवटी वारा बदलल्यावरही बोट काढतात का. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा हंगाम. त्यापुढे कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नये.

आता तलासरीकडे वळतो. झाई-बोरीगावचा छोटा किनारा सोडला तर हा तालुका डोंगराचा आणि शेताचा. वारली, दुबळा, धोडिया, कोकणा यांचा. पण समुद्राशी त्याचं नातं अनेक किनारी गावांपेक्षा खोल आहे. इथली शेकडो मुलं दरवर्षी खलाशी म्हणून गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात. महिनोन्‌महिने समुद्रात राहतात. सागरी हद्द चुकल्यामुळे काही जण पाकिस्तानच्या तुरुंगातही वर्षं काढून आले आहेत. समुद्राची सगळी जोखीम घेतात आणि वाट्याला येते ती जाळं ओढण्याची मजुरी. सिंधुदुर्गात मच्छीमारांची मुलं प्रशिक्षक झाली, बोटीचे मालक झाली. तलासरीच्या मुलाला तो रस्ता दाखवायला काय हवं? तारकर्लीला जाण्याचं भाडं आणि तीस हजारांचं शुल्क. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत पोहता येणारी, चपळ, दमाची मुलं भरपूर आहेत. क्रीडा शिष्यवृत्तीत धावणं आणि कबड्डी बसते तर बुडीही बसायला हवी.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण आपल्यासमोरचा समुद्र बदलतो आहे. २० जून १९९१ ला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणावर देखरेख ठेवणारं प्राधिकरण आलं आणि त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते सांभाळलं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला हिरवा कंदील दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. ही जागा निवडण्याचं एक कारण असं दिलं जातं की इथे किनाऱ्याजवळ वीस मीटरची नैसर्गिक खोली आहे.

वीस मीटर. म्हणजे चार दिवस शिकलेल्या पाणबुड्याला परवाना असतो त्यापेक्षा दोनच मीटर जास्त. वाढवणच्या खडकाळ तळाला मच्छीमार माशांचं माहेर मानतात. शेवंड तिथे लागते, घोळ तिथे फिरतो, ओहोटीला खडक उघडे पडले की बाया कालवं काढतात. हे सगळं जाळ्यातून आणि गळाला लागून कळलेलं ज्ञान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. पण सुनावणीच्या टेबलावर त्याला पुरावा मागतात. मालवणच्या तळाचे फोटो आहेत, प्रवाळांच्या नोंदी आहेत, माणसं आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. त्याचा माथा वीस मीटरच्या आसपास खोलीवर येतो. तिथे बुड्या मारून शास्त्रज्ञांनी प्रवाळ पाहिले, म्हणून त्याला संरक्षण द्या अशी मागणी नकाशा ठेवून करता येते. आमच्या तळाची अशी चित्रं जवळजवळ नाहीतच. गढूळ पाण्यात काढणं कठीण आहे, पण अशक्य नाही. भांगाच्या दिवशी, हिवाळ्यात, पाणी उभं असताना, दोरीचा आधार घेऊन, हातानं चाचपत खडक मोजणारे पाणबुडे जगात बरेच आहेत. त्यासाठी आधी स्वच्छ पाण्यात शिकून, पुढे कमी उजेडात काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. बंदरातल्या धक्क्यांची आणि जहाजांची पाण्याखालची तपासणी करणाऱ्यांचं शिक्षण तर याहूनही निराळं आणि कठोर असतं. बंदर झालंच, तर ती कामंही बाहेरून माणसं आणून करून घेतली जातील की वरोर-चिंचणी-तलासरीच्या मुलांकडे जातील, हे आजच ठरतं आहे.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि मालवणचं पाणीही बंद असतं. या दोन महिन्यांत २०० मीटर पोहण्याची तयारी करून घ्यावी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून यावं. ऑक्टोबरच्या शेवटी तारकर्लीचं पाणी निवळायला लागतं. पहिल्या तुकडीसाठी नाव तेव्हाच नोंदवलेलं बरं, दिवाळीत गर्दी होते.